मशीनच्या पुढे अनवाणी

आधी हिराकाकीचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. उलटं केलं की माणूस गोष्टीत रमतो आणि ज्याच्यामुळे निभावलं त्याचं नाव शेवटी घाईघाईत उरकतो. तर शेजारच्या शिरवणे गावची हिराकाकी. तिच्यासोबत आमच्या कंपनीतले सावंत फिटर, आणि मुंबईत नागदेवीच्या बाजारातले एक पांढऱ्या दाढीचे चाचा, ज्यांचं नाव त्या गडबडीत विचारायचंच राहिलं. पण पहिलं नाव काकीचं. ती नसती तर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या या रंगाच्या कंपनीत, बागेच्या खोलीबाहेर, उलट्या डब्यावर बसून मी गवतावरचं पाणी सुकायची वाट बघत नसतो.

ओलं गवत कापता येत नाही. पात्याला चिकटतं, मशीनच्या पोटात हिरवा लगदा होतो, इंजिन धापा टाकतं आणि बंद पडतं. म्हणून भादव्यात सकाळी थांबायचं. ऊन वर आलं, गवताच्या शेंड्यांवरचा चमकारा गेला, की दोरी ओढायची. हे थांबणं मला फार आवडतं. समोर लॉन, पलीकडे रस्त्यावरून न्हावा-शेव्याच्या बाजूला बंदराच्या कामाचे डंपर जाताहेत, मागे कंपनीच्या चिमणीचा वास, आणि मध्ये हे गवत. इथलं गवत भादव्यात असं वाढतं की आज पाठ फिरवली तर उद्या मान वर काढून बघतं. आमच्याकडे, नांदेडच्या बाजूला, भादव्यातलं गवत पेंढ्या मोजून जनावरांना पुरवायचं. इथे कापायचं आणि टाकायचं. पहिल्या वर्षी ते टाकताना माझा हात अडखळायचा.

यंदाही गवत आलंय. तसंच दाट, तसंच उतावळं. फक्त मशीनच्या पुढे कोणी नाही.

*

मी आलो तेव्हा या गवताइतकाच कच्चा होतो. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो आणि धाकटी बहीण सुनीता दुसरीत. दोघांतलं एकच शाळेत बसू शकणार होतं. मी उठलो, ती बसली. पुढची काही वर्षं लोकांच्या रानात राबलो, आणि मग गावच्या ओळखीनं दिघ्याला, आमच्याच बाजूच्या माणसांच्या एका खोलीत येऊन पडलो. त्यांच्यापैकी एकानं या कंपनीत चिकटवलं. बागेत, टेम्परवारी.

टेम्परवारी हा शब्द बाहेर फार हलका वाटतो. आत राहणाऱ्याला विचारा. मी दिवसातून कितीदा तरी खिशातला गेटपास चाचपायचो. वॉचमननं नुसतं माझ्याकडे बघितलं तरी वाटायचं, आता बोलावणार. घरी मात्र कळवून बसलो होतो की नोकरी पक्की आहे. आई तेवढ्या भरवशावर सुनीताला पुढच्या वर्गात घालत होती.

आणि माझ्या हातात दिलं ते मशीन. पेट्रोलवर चालणारं, चार चाकांचं, पोटाखाली एक आडवं पातं गरगर फिरणारं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी परदेशातून मागवलेलं. कुलकर्णी साहेब, म्हणजे आमच्या ऑफिसचे, बागेचं सगळं त्यांच्याकडे, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे बघ, याचे पार्ट आपल्याकडे सरळ मिळत नाहीत. तेव्हा जपून." माणूस चांगला होता, रागावून नव्हते बोलले. पण मला पुढचे कित्येक दिवस त्या मशीनला हात लावताना दुसऱ्याचं तान्हं मूल उचलल्यासारखं वाटायचं.

हिराकाकी तिथे माझ्या आधीपासून होती. मशीन यायच्या आधी ती आणि शिरवण्याच्या आणखी बायका हे सगळं गवत विळ्यानं कापायच्या आणि भारे करून घरी म्हशींना न्यायच्या. मशीन आलं आणि बाकीच्या बायकांचं काम गेलं. कापलेलं गवत गोळा करायला एकट्या काकीला ठेवलं. म्हणजे तिनं माझ्याकडे वाकड्या नजरेनं बघायला हवं होतं. बघितलंही.

"तूच काय आमच्या बायकांच्या इल्यावर आलास तो?" पहिल्या दिवशी तिनं विचारलं. इला म्हणजे विळा, हे मला नंतर कळलं. नेसूचं लुगडं काष्टा घालून वर खोचलेलं, नाकात भली मोठी नथणी, पाय अनवाणी आणि चिखलाच्या रंगाचे.

मी म्हटलं, "मी नाही काकी, मशीन आलंय. मी नुसता धरतो."

"धर मंग. नीट धर. पलून जाईल ते." आणि स्वतःच हसली. तोंडातला तंबाखू सावरत म्हणाली, "माजी म्हस गवत खाते नि दूद देते. तुजी म्हस पेट्रोल पिते नि नुसती बोंबलते."

त्या दिवसापासून मशीनचं नाव म्हस पडलं. चालू होईना की काकी लांबून ओरडायची, "काय रं, आज दूद चोरते काय तुजी म्हस?"

*

मशीनच्या पुढे चालायचं तिनं कधी सुरू केलं ते मला नक्की सांगता येत नाही. बहुतेक पहिल्यांदा पात्याखाली खडा सापडून काहीतरी खाड् झालं आणि मी घाबरून पांढरा पडलो, तेव्हा. मशीन बंद होतं. मी दोरी ओढत होतो आणि मशीन हाताला उलटा झटका देत होतं. सावंत फिटरनी येऊन वरचं झाकण काढलं, चाक उपसलं आणि आतून धातूचा एक इवलासा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मधोमध कापला गेला होता.

"ही चावी," सावंत म्हणाले. "कुलपाची न्हय हां. इंजिनाचा दांडा नि हा जड चाक, दोघांका एकत्र धरून ठेवता ती. ही तुटली की ठिणगी भलत्या येळाक पडता. मगे तू दोरी ओढत बस." सावंत सावंतवाडीकडचे. त्यांचं मालवणी आणि माझी नांदेडी एकमेकांना अर्धी कळायची, पण इंजिनापुढे तेवढं पुरायचं.

मशीनसोबत आलेल्या एका पुडीत तशा जास्तीच्या चाव्या होत्या. एक बसवली. मशीन सुरू. मी सुटकेचा श्वास टाकला आणि वळलो तर काकी लॉनवर पुढे चालत होती, हळूहळू, पाय घासत.

"काय करतेस काकी?"

"दगूड बघते. डोल्यांनी नाय दिसत गवतात. तलव्याला कलतं." ती मागे न बघता बोलली. "इकरं आमचं भाताचं शेत व्हतं पोरा. या जमिनीची खोड मना ठावं हाय. दर पावसाल्यात ती एक तरी दगूड वर ढकलते."

तेव्हा मला कळलं की मी ज्याला लॉन म्हणतो ते तिच्या सासऱ्याचं शेत होतं. नवं शहर वसवायला जमिनी गेल्या, त्यात हे शेत गेलं, वर मुरूम पडला, मुरमावर माती, मातीवर हे गवत. काकी सून म्हणून जिथे भाताची लावणी करत होती, तिथेच आता पगारावर गवत गोळा करत होती. हे तिनं रडून सांगितलं नाही. इथला बांध असा जात होता, तिकडे पाणी तुंबायचं, अशा बेतानं, रस्ता दाखवल्यासारखं सांगितलं.

मग आमची रीत ठरून गेली. ती पुढे, मी मागे. ती पायानं जमीन वाचत जायची. खडा लागला की थांबून अंगठ्यानं उकरायची, उचलून ओच्यात टाकायची. मी तिच्या पावलांच्या ओल्या खुणांवरून मशीन ढकलायचो. कापलेल्या गवताचा हिरवा वास, त्यात पेट्रोलचा उग्र वास, आणि पुढे तिचा तो एका लयीत हलणारा काष्टा. आजही कुठे पेट्रोल सांडलं की मला आधी तिचे तळवे आठवतात.

*

लॉनच्या एका कोपऱ्याजवळ एक दगड होता. काळा, वीतभर वर आलेला. हा मात्र ती उचलायची नाही. मशीनच्या पुढे चालायला लागली त्याच दिवशी तिनं मला हाताला धरून तिथे नेलं होतं.

"ह्यो हद्दीचा. माज्या सासऱ्यानं रोवलेला. बाकी सगलं गेलं, ह्यो तेवढा ऱ्हायला. याच्या बाजूनं जा. अंगावर नको जाऊ."

मी यायच्या आधीपासून दर वर्षी भात कापणीच्या दिवसांत ती तिथे नारळ फोडायची, हळद-कुंकू वाहायची, आणि कापायला शेत नाही म्हणून शेजारच्या कुणाच्या शेतातली एक लोंबी आणून ठेवायची. वॉचमन तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. मीही मशीन वळवून न्यायचो. त्यामुळे दगडाभोवती गवताचा एक पुंजका कायम उभा राहायचा.

त्या सगळ्या पावसाळ्यात मी मशीन शिकलो. शाळा सुटलेल्या माणसाला काही शिकायला मिळालं की तो कसा हपापतो, ते ज्याची सुटली त्यालाच माहीत. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा, लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याच्या मापानं त्याची फट बघायची. कार्बोरेटरच्या बारीक भोकात कचरा अडकला तर तोंडानं फुंकर मारायची, सुई घालायची नाही, भोक मोठं होतं. हवेच्या गाळणीचा स्पंज साबणानं धुऊन सावलीत वाळवायचा. सावंत दुपारच्या सुट्टीत डबा खात खात सांगायचे आणि मी ऐकायचो. ते म्हणायचे, "तुका इंजिनाचो कान आसा." तेवढ्यावर मी आठवडाभर तरंगायचो.

चाव्या मात्र तुटत राहिल्या. काकी पुढे असली तरी एखादा खडा निसटायचाच. पुडी संपत आली. माझा जीव खाली-वर. शेवटी सावंतांना माझी दया आली. त्यांनी कारखान्यातल्या पोलादाच्या तुकड्याची, कानस मारमारून, अगदी हुबेहूब चावी घडवली. किती मायेनं घडवली होती! कडा अशा साफ की नखाला लागू नयेत.

"घे. आता बघूक नको. तुझ्या नातवापर्यंत तुटाची नाय," ते म्हणाले. मी त्यांच्या पाया पडायचा बाकी होतो. पोलादाची चावी आणि त्याच हातानं दिलेला निर्धास्तपणा. आम्हा दोघांनाही वाटलं, भक्कम ते चांगलंच. आयुष्यभर कच्च्या जागी राहिलेली माणसं आम्ही, दुसरं काय वाटणार?

*

गौरी आल्या. काकी सणाला घरी राहिली. त्याच दिवसांत कुलकर्णी साहेब लॉनवर फेरी मारायला आले. खंडेनवमीला कंपनीत सगळ्या मशिनरीची पूजा असते, मोठे साहेब बायकामुलांसह येतात, जेवण लॉनवर होतं. कुलकर्णी साहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "दसऱ्यानंतर पक्क्या माणसांची नावं वर जाणार आहेत. तुझं घालीन म्हणतोय. लॉन तेवढं दाखवण्यासारखं ठेव."

दगडाजवळ येऊन साहेब थांबले आणि हसले. "अरे, सगळ्या लॉनची छान दाढी केलीस आणि इथे ही शेंडी कशाला राखलीस?"

"साहेब, तिथं दगड आहे."

"दगडाला कुठे लावायचंय? कडेकडेनं घे. ती शेंडी काढून टाक."

दगड काकीचा आहे, हे मी बोललो असतो. पण कंपनीच्या आत कुणाचं काही असू शकतं हे साहेबांना कसं सांगायचं, ते मला सुचेना. साहेब उभे होते. मी कडेकडेनं घेतलं.

वर वीतभर दिसणारा दगड खाली दाढेसारखा पसरलेला होता. पावसानं त्याच्या बाजूची माती धुऊन गेली होती आणि गवतानं ते झाकलं होतं. पुढे पाय असते तर कळलं असतं. नुसता खण्ण आवाज झाला. मग इंजिनाच्या पोटातून काहीतरी चिरडल्याचा आवाज. मग शांतता. मला आठवतं, त्या शांततेत बेलापूरकडे जाणाऱ्या एसटीचा गिअर बदललेला ऐकू आला होता.

सावंतांनी झाकण उघडलं. त्यांची चावी तशीच होती, साबूत. तिच्याभोवतालचं सगळं गेलं होतं. दांड्याची खाच फाटली होती आणि दांडा स्वतः वाकला होता. सावंतांनी चावी अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाले, "ही तुटाक हवी होती रे. माझ्याच हातान मी..." आणि फडक्याला हात पुसत राहिले. हात पुसून झाल्यावरही.

साहेबांचा चेहरा उतरला. "परदेशी मशीन आहे. वर कळवावंच लागेल. आणि तू टेम्परवारी... मी काय लिहू?" ते खरोखर मलाच विचारत होते. सावंत म्हणाले, माझं नाव लिहा. साहेब म्हणाले, तुमचं नाव लिहून याचं काय वाचणार आहे?

त्या संध्याकाळी दिघ्याच्या खोलीत मी कपडे पिशवीत भरले. सुनीता कोणत्या वर्गात आहे ते मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

*

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं आणि काकी सकाळी डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि खोबऱ्याच्या करंज्या घेऊन आली. "घे, तुज्यासाटी काडून ठेवल्या." मग माझं तोंड बघितलं. उघडं पडलेलं मशीन बघितलं. मी सांगत गेलो तशी ती नुसती ऐकत राहिली. मध्येच एकदा विचारलं, "दगूड हलला काय?"

"नाही."

"हलनार नाय. सासऱ्यानं रोवलाय." ती हे जरा अभिमानानंच म्हणाली. मग डबा माझ्या हातात दिला आणि सरळ ऑफिसच्या दिशेनं चालू लागली. मी मागे धावलो. ऑफिसच्या फरशीवर तिचे ओले पाय उमटत गेले आणि शिपाई "ए बाय, ए बाय" करत राहिला.

"साहेब," ती दारातूनच म्हणाली, "दगूड माजा हाय."

कुलकर्णी साहेब उभे राहिले. "कसला दगड बाई?"

"ज्यानं तुमची मशीन मोडली तो. माज्या सासऱ्याच्या हद्दीचा. मी काडू दिला नाय म्हनून ऱ्हायला. या पोरानं ठेवला तो माज्यासाटी ठेवला. लिवायचं तं माजं नाव लिवा. नि आज मी तो काडते. मंग पोराचा काय दोष ऱ्हायला नाय ना?"

साहेबांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, काढायला पाहिजे असं माझं काही..."

"पायजे," काकी म्हणाली. "तुमी नाय सांगनार. कोन दुसरा येईल तो सांगंल. त्यापेक्षा मीच काडते."

पहार तिनं स्वतः हातात घेतली. पहिला घाव तिचा. मग सावंत आले, मी होतो, आणि थोड्या वेळानं बाह्या दुमडून कुलकर्णी साहेबही. दगड सहज निघणारा नव्हता. वरचा तांबडा मुरूम फोडून आम्ही खाली गेलो, आणि एकदम खालून काळी माती लागली. मऊ, चिकट, भाताची माती. इतकी वर्षं मुरमाखाली ती जशीच्या तशी होती. काकीनं पहार खाली ठेवली, त्या मातीचा एक गोळा उचलला, नाकाला लावला आणि ओच्यात बांधून घेतला. "वास तोच हाय," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही.

दगड वर आला तेव्हा आम्ही सगळे घामानं निथळत होतो. तिनं त्याच्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुज्या म्हशीचं बघ."

साहेबांनी वर काही लिहिलं नाही. मला म्हणाले, "दसऱ्यापर्यंत मी गप्प राहतो. पार्ट मिळतो का बघ. नाही मिळाला तर मग माझाही इलाज नाही."

*

खाडीपुलावरून मुंबईला जाणाऱ्या बसमध्ये तो वाकडा दांडा फडक्यात गुंडाळून मी मांडीवर घेऊन बसलो होतो. भरती होती, खाली पाणी फुगलेलं. मला राहून राहून वाटत होतं की मी एखाद्या आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात नेतोय. नागदेवीच्या बाजारात दुकानामागून दुकान. नट-बोल्ट, पंप, पट्टे, साखळ्या, तेलाचा वास. जो तो दांडा हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि मान हलवायचा.

एका अरुंद दुकानात चाचा बसले होते. त्यांनी मान हलवली नाही. चष्मा कपाळावर चढवला, दांड्याला बोटानं मोजलं आणि मागच्या अंधारात दिसेनासे झाले. बऱ्याच वेळानं एक जुनं, मोडकं फवारणीच्या पंपाचं इंजिन ओढत आणलं. "कंपनी वही है. इसका पेट ख़राब है, रीढ़ अच्छी है. खोल के ले जा."

तिथेच फुटपाथवर बसून मी ते खोललं. दांडा निघाला, सरळ, चमकता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी तेलाच्या हातानं पुसलं आणि आणखी घाण झालो. चाचा हसले. मग त्यांनी सावंतांची पोलादी चावी हातात घेतली, निरखली.

"किसने बनाई? बहुत उम्दा काम है."

"हमारे फिटर ने."

"हाथ अच्छा है. मगर बेटा, ये चीज़ तो टूटने के वास्ते ही होती है. इसको जानबूझ के नरम रखते हैं. झटका ये खाए, अंदर वाला बच जाए." आणि त्यांनी एका डबीतून मऊ धातूच्या मूठभर चाव्या काढून माझ्या खिशात कोंबल्या, गेटपास होता त्याच खिशात.

परतताना पुलावर मी एक चावी काढून दातांनी चावून बघितली. खरंच, खूण उमटली. एवढ्या मोठ्या दणकट मशीनच्या काळजात कुणीतरी समजून-उमजून एक कच्ची गोष्ट ठेवलेली असते, याचं मला फार नवल वाटत होतं. आणि का कोण जाणे, ऑफिसच्या फरशीवर उमटलेले ते ओले पाय डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

*

सावंत आणि मी दुपारच्या सुट्ट्या धरून मशीन जुळवलं. त्यांनी जाड कागदाचं पॅकिंग स्वतः कापलं, बोल्ट मला आवळायला दिले. चावी बसवायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "तू बसव." त्यांची पोलादी चावी त्यांनी खिशात टाकली. ती अजून त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. नुसता खोकला. घामानं दोरी हातातून निसटायला लागली. काकी शेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"रुसलीय," ती म्हणाली. "गोंजार जरा."

मी प्लग काढून पुसला, परत बसवला. मग काकीनंच पदर खोचला आणि माझ्या हातावर हात ठेवून दोरी धरली. "वढ," म्हणाली. आम्ही दोघांनी ओढली. मशीन फुरफुरलं, काळा धूर सोडला आणि बोंबलायला लागलं. सावंतांनी टोपी काढून हवेत उडवली. वर कचेरीच्या खिडकीत कुलकर्णी साहेब दिसले. त्यांनी हात वर केला आणि पटकन आत गेले.

खंडेनवमीला आम्ही मशीन धुऊन-पुसून लॉनच्या कडेला उभं केलं. आम्ही बौद्ध, आमच्या घरी ही पूजा नसते. पण स्वच्छ केलेल्या मशीनवर झेंडूचं फूल ठेवायला माझी काही हरकत नव्हती, ज्यानं वाचवलं त्याचे आभार मानायलाही नाही. काकीनं ओच्यातून आपला विळा काढला. धार लावून लखलखीत केलेला. मशीनच्या पुढच्या चाकाजवळ, अगदी खेटून ठेवला.

"ऱ्हाऊ दे तितं," ती म्हणाली. "दोगं एकाच गवताची."

त्या दिवशी लॉनवर पाहुण्यांची मुलं धावत होती. जिथे दगड होता तिथे आता शेंडी नव्हती, नुसतं सारखं गवत. एक छोटी मुलगी नेमकी तिथेच बसून करंजी खात होती. काकी लांबून बघत राहिली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

माझं नाव वर गेलं. पक्कं होऊन आलं.

*

दगड मी टाकू दिला नाही. तो या खोलीमागे आहे. मशीनचं पातं काढायचं असलं की मशीन त्याच्यावर टेकवतो. काकीनं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओशाळलो होतो, पण ती म्हणाली, "बरं हाय. कुनी तरी टेकतं."

त्यानंतर दर पावसाळ्यात ती पुढे चालली. हद्दीचा दगड गेला तरी जमीन आपली खोड सोडत नव्हती. चाव्या मधूनमधून तुटत राहिल्या आणि मी नव्या बसवत राहिलो, पूर्वीसारखा न घाबरता. सुनीता यंदा दहावीला आहे. तिनं लिहिलंय की तिला गणित आवडतं.

यंदा काकीचे गुडघे धरले. गौरीच्या आधी शिरवण्याला तिला बघायला गेलो, तर पडवीत पाय पसरून बसली होती. तळवे बघितले. इतक्या वर्षांच्या खड्यांनी ते आता जमिनीसारखेच भेगाळलेत.

"तुजी म्हस बरी हाय?"

"बरी आहे. पुढं कोणी नाही तिच्या."

"तू चाल की. तुला पाय नाय?"

म्हणून आता डब्यावरून उठतोय. गवतावरचं पाणी सुकलं. बूट काढून खोलीच्या दाराशी ठेवलेत. मशीनला हात लावायच्या आधी सगळ्या लॉनवरून एकदा अनवाणी चालून येणार आहे. तळव्याला अजून फारसं कळत नाही, पण शिकेन.

काकीला त्या दिवशी निघताना एक बोललो, ते इथेही लिहून ठेवतो. कधी ना कधी, कुठेही का असेना, हातभर जमीन माझ्या नावावर होईल. त्या दिवशी हा दगड त्या जमिनीच्या कोपऱ्यावर रोवीन, काकीच्या सासऱ्यानं रोवला होता तितका खोल, आणि नारळ तिच्या हातानं फुटेल. ती हद्द तिची.

ती हसली. "आदी जमीन तं घे. मंग बग, गुडगं तोवर चालतंय काय."

"नाही चालले तर उचलून नेईन," मी म्हटलं. आणि नेईन.